फेब्रुवारीचं टपाल

"हात लावू नकोस," लेलँड क्रेब्स काठावरून ओरडला. "जसं आहे तसं राहू दे."

एफ्रेन दाताळं टेकून मोरीच्या तोंडाशी थांबला. जुलैतल्या पावसाआधी कॉलनीतले कोरडे ओढे साफ करायचं काम त्याच्याकडे असे. रस्त्याखालच्या मोरीतून कचरा ओढताना एक काळी पिशवी फाटली आणि आतून पाकिटांचा ढीग बाहेर पडला. त्यानं लेलँडला बोलावून आणलं होतं. लेलँड घरमालकांच्या असोसिएशनच्या कमिटीवर होता, आणि त्याआधी एकतीस वर्षं पोस्टमन होता.

"पण लेलँडसाहेब, सगळी फोडलेली आहेत. आता कोण कशाला नेईल?"

"फोडलं तरी टपाल ज्याचं त्याचंच. मी टपाल खात्याच्या निरीक्षकाला फोन करतो."

खिशातून फोन काढताना त्याची नजर सगळ्यात वरच्या पाकिटावर गेली. गुलाबी, चौकोनी, एका कडेनं फाडलेलं. पत्ता जांभळ्या शाईत: व्हर्ना हॉस्टेटलर. पाठवणाऱ्याच्या जागी नेब्रास्कातल्या एका खेड्याचं नाव. शिक्का फेब्रुवारीचा होता, आणि आता मे संपत आला होता. लेलँडनं फोन लावला खरा, पण पलीकडच्या माणसानं दोनदा विचारेपर्यंत त्याला आपलं नाव सांगायचं सुचलं नाही.

व्हर्ना त्याची शेजारीण. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. तिची थोरली बहीण आर्लिस नेब्रास्कात राहायची. दर वाढदिवसाला दोघी एकमेकींना कार्ड पाठवायच्या, साठ वर्षं खंड नाही. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर मात्र फोनवर दोघींचं वाजलं. आईचं शिवणयंत्र आर्लिसनं विकून टाकलं, असं व्हर्नाच्या कानावर आलं होतं. "विकलंस ना?" हिनं विचारलं. "मला चोर समजतेस?" तिनं विचारलं, आणि फोन आपटला. फेब्रुवारीत व्हर्नाचा वाढदिवस आला, कार्ड आलं नाही. "हेच तिचं उत्तर," व्हर्ना कुंपणावरून लेलँडला म्हणाली होती. एप्रिलमध्ये भाच्याचा फोन आला. आर्लिस झोपेतच गेली होती. व्हर्ना जाऊन आली, आल्यावर दोन दिवस घराबाहेर पडली नाही, आणि तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "साधं कार्डसुद्धा नाही टाकलं तिनं."

टपाल चोरीला जायला सुरुवात झाली ती त्याच हिवाळ्यात. कोणी तरी गाडी घेऊन यायचं आणि रस्त्याकडेच्या उघड्या पेट्या एका दमात रिकाम्या करायचं. औषधं गेली, चेक गेले. चार वर्षांपूर्वी कमिटीपुढे कुलपाच्या पेट्यांचा ठराव आला होता. दोन मतं इकडे, दोन तिकडे. पाचवं लेलँडचं. "एकतीस वर्षं मी या गावात उघड्या पेटीत टपाल टाकलंय," तो उभा राहून म्हणाला होता. "कुणाचं काडीभर गेलं नाही. कुलूप लावायचं म्हणजे शेजाऱ्यालाच चोर म्हणायचं." टाळ्या पडल्या होत्या. ठराव पडला होता.

त्या संध्याकाळी व्हर्ना कुंपणाशी आलीच.

"ओढ्यात टपाल सापडलं म्हणे. माझं काही होतं का रे?"

"निरीक्षक घेऊन गेलाय. पुरावा म्हणून नोंद करतील, मग ज्याचं त्याला पोचवतील."

"ते कळलं. माझं होतं का, ते विचारतेय."

लेलँडनं पाण्याची नळी एका झाडाच्या आळ्यातून उचलून दुसऱ्याच्या आळ्यात टाकली. "ते सांगता येत नाही, व्हर्ना. नियम आहे."

"तुझा नियम!" ती म्हणाली. "विजेचं बिल असेल. जाऊ दे."

एकाच्या टपालाबद्दल दुसऱ्याकडे बोलायचं नाही, हे लेलँडनं नोकरीत कधी मोडलं नव्हतं. पण आपण गप्प आहोत ते नियमामुळे की भीतीमुळे, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. सकाळी पेपर आणायला बाहेर पडलं की ती दिसायची. तो हात हलवायचा आणि लगेच आत यायचा.

जूनच्या बैठकीत पेट्यांचा ठराव पुन्हा आला. लेलँड उभा राहिला. "मागच्या वेळी माझ्या मतानं ठराव पडला," तो म्हणाला. "माझं चुकलं. त्याची किंमत कुणाकुणाला पडली, हे मला नीट माहीतही नाही." नंतर तो इतका वेळ नुसताच उभा राहिला की अध्यक्षबाईंना म्हणावं लागलं, "बसा, लेलँड." ठराव एकमतानं झाला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

त्यानंतर आठवड्याभरात मारिसेला त्याच्या दारात आली. टपाल वाटायची त्याची बीट आता ती करायची. काम त्यानंच शिकवलं होतं तिला. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं गुलाबी पाकीट होतं.

"हे पेटीत टाकवेना मला," ती म्हणाली. "हातात द्यावं म्हणते. तुम्ही येता का बरोबर? तुम्ही त्यांच्या घरातल्या माणसासारखेच."

व्हर्नानं दार उघडलं. जांभळी शाई दिसली आणि तिनं चौकट धरली. मारिसेलानं पाकीट दिलं, हलकेच काही तरी पुटपुटली आणि गाडीकडे वळली. लेलँड मागोमाग आत गेला.

व्हर्नानं स्वयंपाकघरात उभ्यानंच कार्ड वाचलं. मग चष्मा पुसला आणि त्याला ऐकू जाईल असं पुन्हा वाचलं.

"'व्हर्ने, यंत्र विकलेलं नाही. दुरुस्तीला दिलं होतं, तुला पाठवायचं म्हणून. आता आलंय. शिव्या देऊन झाल्या असतील तर फोन कर. मी करणार नाही, मी थोरली आहे.'"

तिला हसू आलं. हसता हसताच ती खुर्चीत बसली. "मरेपर्यंत थोरली," ती म्हणाली, आणि कार्ड मिटलं.

"तुला माहीत होतं?"

"पाकीट दिसलं होतं. तीन आठवडे झाले."

"आणि बोलला नाहीस."

"नाही." लेलँडनं टोपी काढली. "आणखी एक सांगायचंय. चार वर्षांपूर्वी माझं मत ठरावाच्या विरोधात पडलं नसतं, तर तुमच्या पेटीला कुलूप असतं. कार्ड तुम्हाला वेळेवर मिळालं असतं."

व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या जिभेला तो वर्षानुवर्षं ओळखत होता. तो वाट पाहत राहिला.

"पेटी उघडी होती, कबूल," ती म्हणाली. "पण फोनला कुठं कुलूप होतं रे? कार्ड आलं नाही तेव्हापासून दोन महिने तो इथं भिंतीवरच होता."

मग ती उठली. कार्ड ओट्याला टेकवून, वाचता येईल असं उभं केलं, रिसीव्हर उचलला आणि पाठ असलेला नंबर फिरवला. पलीकडे भाच्यानं उचलला असावा.

"डेल, मी मावशी. तिथं आमच्या आईचं शिवणयंत्र आहे बघ. हो, तेच. ते कुणाला द्यायचं नाही. माझं आहे ते." तिचा आवाज नेहमीचाच होता, करडा, घाई नसलेला. "आर्लिसनं कळवलंय मला. आजच पत्र आलं तिचं."

लेलँड दाराशी तसाच उभा होता, सही घ्यायची राहिलेल्या पोस्टमनसारखा. व्हर्नानं वळून न बघताच मोकळ्या हातानं त्याला खुर्ची दाखवली.