परशरामच्या नावाखाली

गावाच्या मसणवट्यात, ओढ्याच्या काठाला, लढाईत गेलेल्या जवानांचा दगड होता. त्यावर चार नावं. त्यातलं एक परशराम घाडीचं. पण परशराम जिवंत होता. पंचाहत्तरी उलटली तरी दगडाभोवतीचं गवत तोच काढायचा.

एकाहत्तरच्या लढाईत तो गेल्याची तार आली, तेव्हा त्याची बायको मालुबाई अठरा वर्षांची होती. मागून अस्थींचा कलश आला. गावानं तो दगडाखाली पुरला, वर नाव कोरलं. मालुबाईनं कुंकू पुसलं आणि रोज तिन्हीसांजेला तिथं पणती लावू लागली. असे अकरा महिने गेले.

मग एका सकाळी ती ओढ्यावर धुणं धूत होती. धुकं एवढं दाट की आपलेच हात पाण्यात विरघळल्यासारखे वाटत होते. पलीकडून कुणीतरी चालत आलं. हाडकुळा, दाढी वाढलेला. ती ओरडली नाही. हललं तर जाग येईल, म्हणून तशीच बसून राहिली.

"मालू, मी हाय गं," तो म्हणाला. "लोंढ्याच्या ठेसनास्नं चालत आलोय."

तो शत्रूच्या कैदेतून सुटून आला होता. कुठंतरी नावांची अदलाबदल झाली होती.

दुसऱ्या दिवशी लोक छिन्नी घेऊन त्याचं नाव खोडायला निघाले, तर परशरामच आडवा आला. "माझं नाव खोडाल, पण खाली निजलाय त्येचं काय? त्येचं नाव कळूस्तवर माझंच ऱ्हाऊ दे."

त्यानं वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. उत्तरं आली, नाव आलं नाही.

मालुबाईनंही पणती बंद केली नाही. कुंकू लावलेली बाई मसणात दिवा लावते म्हणून बायका कुजबुजायच्या. स्वप्नात तो दगडाखालचा जवान तिला दिसायचा. कधी भाताच्या खाचरातून चालत जाणारा, कधी ओढ्यात पाय सोडून बसलेला. चेहरा मात्र दिसायचा नाही. ती विचारायची, "नाव काय तुमचं?" तो सांगायचाही, पण नेमका तेव्हाच पाण्याचा आवाज वाढायचा.

यंदा जुन्या दगडाला तडा गेला. पंचायतीनं नवा बसवायचं ठरवलं. संकेश्वरचा आण्णाप्पा पाथरवट आला आणि परशरामला म्हणाला, "आप्पा, नावं तीन कोरू का चार?"

परशरामनं जुन्या दगडाच्या तड्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तीनच कोर. माझं ऱ्हायलं तर मी गेल्यावर लोकांस्नी वाटंल, हितं मीच हाय. त्यो पार पुसून जाईल."

"आनि तीनच कोरली तर न्हाय पुसणार?" मालुबाई म्हणाली. पदर सावरून ती दगडाजवळ बसली. "अवो, अकरा म्हयने तुमच्या नावानं रडणं झालं, पण ते पाणी पडलं त्येच्यावर. त्येची बी कोन तरी वाट बघत बसली आसंल. तिला तर राख बी मिळाली न्हाय."

"मग काय कोरू, आक्का?"

"लिही रं. नाव ठाऊक न्हाय. आमच्या घरचा."

आण्णाप्पानं परशरामकडं पाहिलं. परशरामनं मान हलवली आणि टोपी काढून डोळ्यांवर धरली.

नवा दगड सोमवारी बसला. मालुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून परशरामनं तिचं बोट धरून चौथ्या ओळीवरून फिरवलं. अक्षरं अजून खरखरीत होती. उन्हानं दगड कोमट झाला होता. तिनं बोट बराच वेळ उचललं नाही.

यंदाच्या पितृपक्षात, म्हाळाला, घाड्यांच्या घरी एक पान जास्त वाढलं. त्याला काय आवडायचं हे मालुबाईला माहीत नव्हतं. म्हणून तिनं सगळंच थोडं थोडं केलं होतं.