बांधापासून बांधापर्यंत

मित्रांनो, ट्रंकेच्या तळाशी ही कातडं सोललेली काळी पेटी दिसते ना, तो मी. बॉक्स कॅमेरा. पत्रा, पुठ्ठा आणि एक काच, बस्स. विलायतेतल्या कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने झाले. मला पुण्याच्या दुकानातून चिंचवडच्या उद्धवरावांनी आणलं. ते रेल्वेत कारकून, पण जीव सगळा शेताशिवाराच्या फोटोंत.

रविवारी संध्याकाळी फोटोवाल्या मंडळींची बैठक बसायची. सतरंजीवर फोटो मांडायचे आणि मंडळींतल्या जुन्याजाणत्या नानासाहेबांनी एकेकाची सालटी काढायची.

"अहो उद्धवराव, निम्मी जमीन, निम्मं आभाळ! फोटो काढलात की भावाभावांच्या वाटण्या केल्यात?"

सगळे हसत. नानासाहेब कडू बोलत, पण खोटं बोलत नसत. उद्धवराव बोलणी खात खात शिकले. आभाळ थोडं घ्यावं, पायवाट तिरपी यावी, नजर थांबायला जवळ काहीतरी असावं. माझ्या डोक्यावरच्या चिमुकल्या काचेत मान खाली घालून बघत ते तासन्‌तास उभे राहत.

एका साली पिंपरीच्या माळावर सरकारी कारखाना यायचा होता. गेनबा आणि ठकुबाई या नवराबायकोचं रान त्यात जाणार होतं. पाडवा झाला की ताबा. रानात शाळू उभा होता, कणसं टपोरी, मागे घोरावडेश्वराचा डोंगर. प्रदर्शनाला पाठवायला उद्धवरावांना हाच देखावा हवा होता. पण ऊन डोक्यावर आलेलं आणि माझ्या पोटात एकाच फोटोपुरती फिल्म उरलेली.

"पुढच्या रविवारी सकाळी येतो," ते म्हणाले.

ठकुबाई पुढे आली. "राव, त्यातला यक आमाला बी द्याल का? रान गेल्यावर बगायला कायतरी ऱ्हाईल."

"देणार म्हणजे काय, देणारच!"

पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तर शेत रिकामं! शाळू काढलेला, कडबा रचलेला, धसकटंसुद्धा वेचलेली. बांधाच्या दगडांना चुना फासलेला. ठकुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उभी.

उद्धवरावांनी कपाळावर हात मारला. "अहो, हे काय करून बसलात?"

"तुमी येनार म्हून समदं आवरलं," ठकुबाई म्हणाली. "आठ दिस कंबर सरळ केली न्हाई आमी."

"मला उभं पीक हवं होतं!"

"उभं पीक? आन्‌ फोटू बगून लोकं काय म्हनतील? ठकी पसारा तसाच टाकून गेली!"

उद्धवरावांनी मला खांद्याला अडकवलं आणि पाठ फिरवली. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या धन्याचा संताप आला. देखावा गेला म्हणून हा रुसला! ज्यांची जमीन चालली होती, ती माणसं चुन्याचे हात घेऊन उभी होती.

"जाऊ दे गं," गेनबा हळूच म्हणाला. "रिकाम्या रानाचा फोटू कोन काढतंय?"

ठकुबाईला बांधाकडेला एक काडी दिसली. ती वाकली आणि तिनं ती उचलली.

जाता जाता उद्धवरावांनी वळून ते पाहिलं, आणि ते थांबले. त्यांनी माझी काच धोतराच्या सोग्यानं पुसली. "ठकुबाई, सांगा. कुठून कुठपर्यंत घेऊ?"

"ह्या बांधापासनं त्या बांधापतुर. आमचं हाय तेवढं. दुसऱ्याचं नको."

सगळं रान मावावं म्हणून ते मागे मागे सरत गेले. आभाळ निम्मं आलं, जमीन निम्मी. नजर थांबायला जवळ काहीच नाही. शेवटची फिल्म त्यांनी त्यावर खर्चली.

बैठकीत नानासाहेबांनी फोटो उलटसुलट केला. "यात बघायचं काय?"

"शेत," उद्धवराव म्हणाले आणि फोटो खिशात घातला. प्रदर्शनाला त्यांनी काहीच पाठवलं नाही.

पाडव्यानंतर गेनबा-ठकुबाई कुरुळीला तिच्या भावाकडे राहायला गेली. आम्ही तिथं फोटो घेऊन गेलो. ठकुबाईनं तो उन्हात धरला, या कडेपासून त्या कडेपर्यंत बोट फिरवलं. मग गेनबाला म्हणाली, "बगा, कुटं काडी बी पडल्याली न्हाई."

आणि मग ती रडली. गेनबानं फोटो तिच्या हातातून काढून घेतला, ओला होऊ नये म्हणून.

उद्धवराव गेले, मी ट्रंकेत पडलो. आता मला फिल्मही मिळत नाही. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण जुन्या डब्यात एखादा रिकाम्या शेताचा फोटो सापडला, तर यात बघायचं काय म्हणून फेकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या आणि त्याच्याजवळ थोडं बसा.