पालकाच्या पानावरचं अक्षर

"दिवा जवळ आणा!" पानबाबा गरजले आणि गोदामातली गर्दी टाचा उंचावून बघू लागली.

बाबांच्या चिमटीत पालकाचं पान होतं. दिव्यासमोर धरताच त्यावर पांढरट, नागमोडी रेघ उजळली. कुणीतरी घाईघाईत काहीतरी खरडावं तशी.

"शाई नाही, लेखणी नाही! मग लिहिलं कुणी?"

"देवानं!" गर्दी एका सुरात म्हणाली.

"आणि वाचणार कोण? मोठमोठे प्राध्यापक आले, चष्मे पुसत परत गेले!" बाबांनी पान कपाळाला टेकवून डोळे मिटले. "अर्धशिशी. डावी बाजू. कोण आहे ती?"

माझी ताई हुंदका देत पुढे झाली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ताईला एकटीला सोडवेना म्हणून मी या काही दिवसांच्या शिबिराला आले होते. "गोळ्या खाऊन जीव विटलाय गं," ती म्हणाली होती, "एकदा हेही करून बघू." आत शिरताना एका गोडबोल्या बाईंनी आमचे फोन टोपलीत घेतले होते आणि ताईला काय दुखतं, कुठल्या बाजूला, सगळं मायेनं विचारून घेतलं होतं. मग शटर खाली आलं. सगळ्यांची पानं वाचून होईपर्यंत ते उघडणार नव्हतं. चावी बाबांच्या गळ्यात.

जेवायला तोच पालक, मागच्या अंगणात पिकवलेला. कच्चा आणि न धुतलेला. "धुतलंत तर अक्षर पुसेल, मग माझ्या नावानं खडे फोडू नका!" बाबांनी बजावलं होतं. ज्याचं त्याचं वाचलेलं पान मात्र उशाशी ठेवून निघताना खायचं होतं. मी बरोबर आणलेल्या बिस्किटांवर भागवलं. ताईनं चवीनं पालक खाल्ला. "कीड लागलेलं पान म्हणजे औषध न मारलेलं," ती म्हणाली. "यापेक्षा शुद्ध काय असणार?"

दोनेक दिवसांत ताई पोट धरून चटईवर आडवी झाली. संडासासमोर रांग लागली. तिसऱ्यांदा ताई परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "रक्त पडतंय गं," ती माझ्या कानात म्हणाली.

मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. "शटर उघडा. हिला दवाखान्यात न्यायचंय."

"आतला मळ निघतोय. अर्धवट सोडलं तर उलटेल."

"उलटू दे. चावी द्या."

दोन सेवक माझ्या आणि शटरच्या मध्ये येऊन उभे राहिले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बसा ना खाली! तुमच्यामुळे सगळ्यांचं वाया जाईल." मी मागच्या खिडकीशी गेले. तिला गज होते. पलीकडे एक सेवक संडासालगतच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी पालकाच्या वाफ्यावर शिंपडत होता. हाच पालक ताई दोन दिवस न धुता खात होती.

मी एक पान उचललं, केसातली पिन काढली आणि रेघेच्या टोकाशी पानाचा पापुद्रा उलगडला. आतून पिवळसर, इवलीशी अळी वळवळत बाहेर आली.

"हे बघा! माशी पानात अंडं घालते. ही अळी पानाच्या आतलं खात पुढे सरकते. हे अक्षर नाही, तिचा बोगदा आहे."

बाबांनी अळी तळहातावर घेतली आणि हसले. "धन्यवाद, मास्तरीणबाई! देवाचा लेखनिक आजवर कुणाला दिसला नव्हता. तुम्ही दर्शन घडवलंत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक अळीच्या पाया पडायला सरसावले. मी परत चटईवर येऊन बसले. खरं दाखवूनही कुलूप तसंच होतं, आणि शेजारी ताई थंडीनं कुडकुडत होती.

"तू गप्प राहा गं," ती कण्हली. "बाबा रागावतील."

तिच्या उशाशी तिचं पान होतं, कडेला फाटलेलं. मी ते उचललं. पलीकडे एक धिप्पाड ट्रकचालक आपल्या आजारी बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याची पाळी यायची होती. "दादा," मी हळूच म्हटलं, "तुमच्या पानाऐवजी हे द्याल का? बघू काय वाचतात."

त्यानं बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पान घेऊन तो उठला.

बाबांनी डोळे मिटले. "प्रवास दिसतोय. रस्ता दिसतोय. कंबर धरते. बरोबर?"

"कंबर धरते," चालक म्हणाला. "आणखी काही? डोकं वगैरे?"

"छे! डोक्याचा एक शब्द नाही यात."

"माझं पान आहे ते."

आवाज ताईचा होता. ती कोपरावर रेलून उठली होती. "बघा, कडेला फाटलंय. याच पानात तुम्हाला माझी अर्धशिशी दिसली होती. आता तीच रेघ कंबर कशी झाली?"

"अक्षर... माणसागणिक..." बाबा चाचरले.

"चावी," चालक म्हणाला. त्यानं हात पुढे केला तेव्हा त्याच्यामागे आणखी काहीजण उभे होते. सेवक बाजूला झाले. शटर करकरत वर गेलं आणि उजेडानं सगळ्यांचे डोळे दिपले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मी बरोबर आणलेला तो पालक तपासायला पाठवला. अहवाल आल्यावर त्या म्हणाल्या, "जंतू आले ते मैल्याच्या पाण्यातून. धडधाकट पानावर त्यांचे हाल होतात. ऊन लागतं, खायला फारसं मिळत नाही. पण किडीनं पान पोखरलं की रस पाझरतो. जंतूंना अन्न मिळतं आणि लपायला जागाही. मग नुसतं धुऊन सगळे निघत नाहीत. प्रत्येक किडीचं असंच होतं असं नाही, पण पोखरलेलं पान कच्चं खाऊ नये. नीट शिजवलं असतं, तर यातलं काही झालं नसतं."

ताईच्या मूत्रपिंडांवर ताण आला होता. ती हळूहळू सावरली. चालकाच्या बायकोला बरेच दिवस काढावे लागले. गर्दीतल्या एक आजीबाई मात्र घरी परतल्या नाहीत. शेवटपर्यंत त्या मळ निघतोय असंच म्हणत होत्या.

अळीनं कुणाला फसवलं नाही. तिला भूक होती, तिनं पान खाल्लं. फसवलं ते वाचणाऱ्यानं, आणि डोळे मिटून ऐकणाऱ्या आपण सगळ्यांनी त्याला साथ दिली. कुणी चमत्कार दाखवला तर तो तपासून बघा. तपासू देत नसेल, तर तिथून निघा. आणि आजारी माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. देव असेलच, तर तो तेवढा वेळ थांबेल.