चौकीसमोरचा दगड

"लटारू, तू बोल. पथकाचा नाईक तू हायेस," गुणवंतराव पाटील म्हणाले, आणि चावडीपुढे जमलेलं सगळं साजाटोला गाव लटारूकडे पाहू लागलं.

डाकूंच्या भीतीने गावाने स्वतःचं रक्षकपथक उभं केलं होतं. आता ते तसंच चालवायचं, की सरकारकडे कायमची पोलीसचौकी मागायची, हे ठरवायचं होतं.

शाळेचे सादिक गुरुजी चौकीच्या विरुद्ध होते. "अमेरिका नवी स्वतंत्र झाली तेव्हा तिथल्या लोकांनाही हाच पेच पडला होता. पगारी फौज कायमची पोसली तर उद्या ती आपल्यावरच उलटेल, अशी धास्ती होती त्यांना. शेतकऱ्यानेच घरी हत्यार ठेवावं, हाक आली की निघावं, असं पुष्कळ जण म्हणत."

"आन् कापनी आली का मंग काय करत, गुरुजी?" लटारूने विचारलं.

गुरुजींना कबूल करावं लागलं. "तेव्हा ते घरी निघून जात. त्यांच्या सेनापतीचीही तीच तक्रार होती."

लटारूने मान खाली घातली. गेल्या कापणीत पथक असंच धानाच्या बांध्यांमध्ये पांगलं होतं. भर दुपारी डाकू आले, तेव्हा नाक्यावर त्याचा थोरला भाऊ पत्रू एकटाच भाला घेऊन उभा होता. लटारू धावत पोचला, तेव्हा वहिनीने, मनकर्णाने, पत्रूचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"चौकी मागा," तो म्हणाला. "मानसानं धान कापावं का पाहारा द्यावा? दोनी होत नाई."

चौकी आली. हवालदार आला, शिपाई आले, बंदुका आल्या. डाकू पुन्हा फिरकले नाहीत. लोक दारं उघडी टाकून रानात जाऊ लागले. मग एक दिवस शिपायाने सुकरीची कोंबडी उचलली. पुढे गावाचं सरपण चौकीवर फुकट जाऊ लागलं. दुसऱ्या कापणीला हवालदाराने चौकीचं छप्पर शाकारायला माणसं बोलावली. झिंगू म्हणाला, "धान झडून राह्यलं साहेब, मंग येतो." त्याला मारून कोठडीत टाकलं.

गावातले तरणे कुऱ्हाडी घेऊन लटारूच्या दारात आले. "तूच आनली ना चौकी? चाल आता पुढं!"

"कुऱ्हाडी ठेवा इथीच," लटारू म्हणाला. "तुमी कुऱ्हाड नेली का तो बंदूक काहाडन. मंग अजून एखादा पत्रू."

तो रिकाम्या हातांनी चौकीवर गेला. समोरच्या दगडावर बसला.

"काय पाहिजे?" हवालदाराने दरडावलं.

"झिंगू पाह्यजे."

"जा घरी, नाहीतर तुलाही आत टाकीन."

"टाका. मी मांगितली व्हती चौकी. पयले मलेच टाका."

हळूहळू एकेक जण येऊन त्याच्यामागे बसला. मनकर्णा आली, सुकरी आली, गुरुजी शाळा सोडून आले. कोणी घोषणा दिली नाही. उन्हं कलताना हवालदाराने कुलूप काढलं. झिंगूचा एक डोळा सुजून मिटला होता.

परतताना गुरुजी हळूच म्हणाले, "मग, चौकी हटवायचा अर्ज करू या?"

"नाई गुरुजी. चौकी राहू द्या." लटारूने मागे वळून चौकीकडे पाहिलं. "पन तिच्याकडं पाहाले कोनी पाह्यजे."

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा त्या दगडावर जाऊन बसला. तिसऱ्याही. बोलायचा काही नाही, फक्त बसायचा. मग शेतावर जायचा. हवालदार आधी चिडला, मग हसला, मग नजर टाळू लागला. शिपाई कोंबडीचे पैसे टाकू लागले. हवालदार बदलून गेला, नवा आला. लटारू येतच राहिला.

एका पावसाळ्यात तो तापाने पडला. "आज दगड रिकामा ना," तो ग्लानीत पुटपुटला.

मनकर्णाने त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. मग सूप आणि निवडायचे तांदूळ घेतले, डोक्यावर पोतं ओढलं आणि ती चौकीकडे निघाली.

दारातल्या शिपायाने तिला दगडावर बसताना पाहिलं, आणि सदऱ्याची वरची गुंडी लावली.