पाणी हाय

आमची खाण घाटाखाली, पण तिच्यावर नजर ठेवणारी खोली कोल्हापुरात, शिरोलीच्या कारखान्यांच्या गर्दीत. खाणीतलं पाणी, गॅस, पंखे, सगळ्याचे आकडे इथल्या पडद्यावर येतात. या यंत्रणेत माणूस मरेल असं कुठं काय आहे, ते हुडकायचं माझं काम. तार तुटली तर? वीज गेली तर? घरी मला अपशकुनी म्हणतात, म्हणोत. त्या सकाळी माझा थोरला भाऊ, मल्लेशअण्णा, खालच्या बोगद्यात तारा बसवत होता. त्यामुळे मी जरा जास्तच किरकिर करत होते.

पडद्याकडे सारखं कोण बघणार, म्हणून कंपनीने यंत्राला नुकतंच बोलतं केलं होतं. पुण्याच्या कुणा शहाण्याने इंग्रजी इशारे मराठीत भरले होते.

"खालचा हौद. पाणी हाय," यंत्र गोड आवाजात म्हणालं.

ऑपरेटर गुंडूने चहाचा घोट घेतला आणि इशाऱ्याची घंटा बंद केली. "हाय न्हवं? मग झालं."

"काय झालं?"

"अवो ताई, पंपाला पाणी नगं व्हय? न्हाय म्हणालं असतं तर पंप कोरडा फिरून जळला असता की."

क्षणभर मलाही पटलं. मग पडद्याकडे नजर गेली. निळी पट्टी वरच्या टोकाला टेकली होती आणि शेजारी लाल इंग्रजी अक्षरांत तेच, हाय. म्हणजे उंच; पुण्याच्या शहाण्याने तो शब्द तसाच ठेवला होता. हौद काठोकाठ भरला होता, आणि त्याच्या बांधाच्या खालच्या अंगाला अण्णा उभा होता. त्याला पाणी दिसणार कुठून?

घाईत खाणीचा फोन पहिल्यांदा चुकीचाच लागला.

"अण्णा, पाणी हाय!"

"हाय की," तो निवांत म्हणाला. "पंपाला लागतंयच."

"हाय म्हंजे हाय न्हवं रं!"

"काय बडबडतीस, शिवा?"

दुसरा शब्दच सुचेना. भीतीने मराठी पार आटली. मग विहिरीत पोहताना काठावरून आई आम्हाला ओरडायची, ते आमचं घरचं कन्नड तोंडातून फुटलं. "नीर बंतु! म्याल बा!" पाणी आलं, वर ये.

तिकडे त्याच्या हातून फोन आपटला. त्याने इतरांना मारलेल्या हाका, पळणारे बूट, मग एकदम पाण्याचा गडगडाट. फोन बंद पडला.

गुंडू रडायला लागला. मी ओरडले त्याच्यावर, रडू नको म्हणून. मलाच ते बघवत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. खाणीच्या तोंडावरचा फोन वाजला.

"शिवा, वर आलोय. सगळी आलोय."

मी तिथंच फरशीवर बसले आणि भोकाड पसरलं. लहानपणी आईच्या पहिल्या हाकेला अण्णा विहिरीतून कधीच बाहेर यायचा नाही.