वेंडेलच्या संघाची खरडपट्टी

आयलीन स्ट्रूप नोव्हेंबरच्या शेवटी गेली, आणि दफन झाल्यावर थोड्याच दिवसांत तिचा नवरा वेंडेल पुन्हा बसवर आला. पहाटे डेपोत येऊन त्यानं पुढच्या काचेवरचा बर्फ खरवडला, ब्रेक दाबून बघितले आणि नेहमीसारखा शाळेची पोरं आणायला निघून गेला. आम्ही कुणी काही बोललो नाही. काय बोलणार? आम्ही बस चालवणारी माणसं. सकाळची फेरी संपली की दुपारच्या फेरीपर्यंत डेपोच्या खोलीत बसायचं, कॉफी ढोसायची आणि एकमेकांची उणीदुणी काढायची, एवढंच आम्हाला येतं. सांत्वन करण्यात आमचा हात बसलेला नाही.

उणीदुणी काढायला निमित्त असतं ते आमच्या लीगचं. ऑक्टोबरात प्रत्येकानं बास्केटबॉलचे खरे, मोठे खेळाडू निवडून आपापला कागदी संघ बांधायचा. त्यातले पाच मैदानात उतरवायचे, बाकीचे बाकावर; ते पाच टीव्हीवर जसे खेळतील तसे गुण आपल्या खात्यात. दर आठवड्याला दोघादोघांची झुंज. उत्तरेकडच्या फेऱ्या करणारे उत्तर गटात, दक्षिणेकडचे दक्षिण गटात. दक्षिण गटात आम्ही चौघं. एक मी. दुसरा सेड्रिक, आमच्यात वयानं लहान आणि कायम पहिला, त्यामुळे सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपणारा. तिसरी डार्ला, जी ऑफिसात बसून फेऱ्या लावते. आणि चौथा वेंडेल.

खरं म्हणजे चौथा संघ आयलीनचा होता. नाव वेंडेलचं, निवड तिची. त्यांना मूलबाळ नव्हतं. संघाचं नाव तिनंच ठेवलेलं, ‘स्ट्रूपची पोरं’. आकडेबिकडे ती बघायची नाही. सामना हरल्यावर खेळाडूंच्या मुलाखती होतात, त्या मात्र ती मन लावून बघायची. “हरल्यावरसुद्धा जो समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतो, तो आपला,” असं तिचं शास्त्र. आम्ही हसायचो. पण तिच्या शास्त्रानं ते दोघं एकदा अख्खी लीग जिंकले होते, त्यामुळे फार मोठ्यानं हसता यायचं नाही.

ती गेली आणि वेंडेलनं संघाला हातच लावला नाही. त्याचे तीन गडी दुखापत होऊन घरी बसले, तरी हा त्यांना काढेना. टाल्विक नावाचा, सेंटरच्या जागी खेळणारा एक उंच गडी होता, आयलीनचा भारी लाडका. डिसेंबरात त्याचं पाऊल मोडलं. तो काही एवढ्यात उभा राहत नव्हता. तरी दर आठवड्याला वेंडेलच्या पहिल्या पाचांत टाल्विक असायचाच, आणि वेंडेल दर आठवड्याला हरायचा.

फेब्रुवारीत सामन्यांना सुट्टी असते, तेव्हा शुक्रवारी आमच्या गटाचा आढावा होतो. तो लिहिते डार्ला. तिच्या जिभेला हाड नाही. वर्षभर ज्याला जे ऐकवायचं राहिलेलं असतं, ते ती त्या दिवशी व्याजासकट ऐकवते. आयलीन त्या दिवसासाठी ‘शुगर क्रीम पाय’, म्हणजे साखर-मलईचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, करून पाठवायची. यंदा ती पाय डार्लानंच आणली, कापून सगळ्यांना वाढली आणि चष्मा लावून वाचायला उभी राहिली.

सुरुवात तिनं स्वतःपासून केली, मग माझ्याकडे वळली. “याच्या संघात सगळे पस्तिशीच्या पुढचे,” ती म्हणाली. “याला खेळाडू नकोयत, याला गुडघेदुखीवर बोलायला सोबत हवीय. गटात तिसरा आहे. त्याचं एकमेव कारण म्हणजे चौथा—” इथं ती अडखळली आणि पुढची ओळ गाळून सेड्रिकवर घसरली. “सेड्रिक पहिला आहे, आणि हे आपल्याला माहीत आहे, कारण सकाळी गुड मॉर्निंगच्या आधी तो हेच सांगतो. पण एप्रिलमध्ये, बाद फेरीत, दरवर्षी त्याचं काय होतं, तेही आपल्याला माहीत आहे.”

सेड्रिक हसला. “जळा, आणखी जळा.”

मग वेंडेलची पाळी आली. डार्लाचा आवाज एकदम खाली आला, देवळात आल्यासारखा. “वेंडेलच्या संघाला यंदा दुखापतींनी ग्रासलं. त्यानं मोठ्या धीरानं हंगाम चालू ठेवलाय, आणि आपण सगळे त्याच्या पाठीशी आहोत.” तिनं कागदाची घडी घातली.

मी ताटलीकडे बघत बसलो. सेड्रिक उगाच कॉफी ढवळायला लागला, त्यात साखर नसताना.

“एवढंच?” वेंडेल म्हणाला.

“एवढंच,” डार्ला म्हणाली.

“मी किती हरलोय गं?”

“वेंडेल, ते जाऊ दे आता.”

“आयलीन गेल्यापासून एकही आठवडा जिंकलो नाही मी. पाऊल मोडलेला माणूस दर आठवड्याला मैदानात उतरवतोय. आणि तुला माझ्यावर दोन वाक्यं सुचली? याच्या गुडघ्यांवर चार होती.”

वेंडेलनं ताटली बाजूला सारली. त्याचा आवाज चढलेला नव्हता. उलट हिशोब समजावून सांगावा तसा तो सावकाश बोलत होता.

“सेड्रिक, मागं आपली झुंज होती, तेव्हा तुझा सगळ्यात भारी गडी बाकावर का होता?”

सेड्रिक खाली बघत म्हणाला, “विसरलो असेन.”

“तू विसरणाऱ्यातला नाहीस. तू मला फार मोठ्या फरकानं हरवायचं नाही म्हणून त्याला बसवलंस. आणि तरी जिंकलास, लेका. त्याची जास्त लाज वाटली मला.” त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. “चर्चमध्ये माझ्याशी सगळे कुजबुजत बोलतात. शेजारचा माणूस मला न विचारता माझ्या दारातला बर्फ काढून जातो. चांगली माणसं आहेत, मला कळतं. पण माझ्या बसमधली पोरंसुद्धा गप्प बसतात रे. कुणीतरी सांगितलंय त्यांना. जन्मभर मी देवाकडे हेच मागत आलो, की या कार्ट्यांना एक दिवस गप्प बसव. आणि आता मागं कुणी आवाज करत नाही, तर मला रस्ता सरत नाही.”

डार्लानं चष्मा काढला.

“माझ्याशी शेवटचं भांडली ती आयलीन,” वेंडेल म्हणाला. “हॉस्पिटलात. मी म्हटलं, टाल्विक नीट खेळत नाहीये, काढू का? तर नाकात नळी असताना बोलली, म्हणे काढून तर बघ. त्यानंतर माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. म्हटलं, आज आढावा आहे. आज तरी डार्ला मला सोलून काढेल. सकाळपासून वाट बघतोय मी.”

“मी लिहिलंच नाही ते,” डार्ला म्हणाली. “तीनदा लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं.”

“मग तोंडी सांग.”

डार्लानं घसा खाकरला.

“वेंडेल स्ट्रूपच्या संघाबद्दल काय सांगावं,” ती म्हणाली. “त्याला संघ म्हणायचं का दवाखाना, हा पहिला प्रश्न. गेल्या महिन्यात उत्तर गटातला एकजण मला विचारत होता, वेंडेलविरुद्ध खेळायचं तर संघ उतरवायलाच हवा का, की नुसती ‘लवकर बरे व्हा’ अशी चिठ्ठी पाठवली तरी चालेल?”

सेड्रिकनं तोंडावर हात ठेवला. वेंडेल मान हलवत म्हणाला, “हां. पुढं?”

“या माणसाच्या संघाचं कुंडीतल्या रोपासारखं झालंय. रोपालासुद्धा लोक पाणी घालतात. टाल्विकचं हाड एव्हाना जुळत आलं असेल, पण यानं त्याला विचारलंय का? नाही. हा नुसता त्याच्या उशाशी बसलाय.” आता डार्लाला लय सापडली होती. “आणि लोक म्हणतात, आयलीनच्या निवडीचं शास्त्र वेडगळ होतं. ती एकदा लीग जिंकली. वेंडेल एकटा असताना काय जिंकला? मी सांगते तुम्हाला, या संघात एकच चूक आहे. तिनं निवडलेल्यांत एकच गडी कुचकामी निघाला, आणि तो आत्ता माझ्यासमोर दुकानातली पाय खाऊन बसलाय. आज ती असती तर तिनं सगळ्यांत आधी त्याला बाकावर बसवलं असतं.”

बोलून गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

वेंडेल हसला. आधी खांदे हलले, मग मोठ्यानं हसला, टेबलावर हात आपटून. हसता हसता ते हसणं कधी मोडलं ते आम्हाला कळलं नाही. त्यानं टोपीत तोंड खुपसलं. डार्ला जाऊन त्याच्या शेजारी बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती काही बोलली नाही. आम्हीही नाही. पण ही शांतता आधीच्या शांततेसारखी नव्हती. हिच्यात बसवत होतं.

मग नाक पुसून वेंडेल म्हणाला, “दुकानातली आहे ते पहिल्या घासालाच कळलं होतं मला. पुठ्ठ्यासारखी लागते.”

“मग दोन तुकडे का खाल्लेस?” डार्ला म्हणाली.

“माणूस गेल्यावर लोक देतात ते खावं लागतं.”

सेड्रिकनं आपली खुर्ची पुढं ओढली. “ऐक. तुझे दोन दुखापतवाले मला दे. मी तुला माझा पोर्टलंडकडून खेळणारा गार्ड देतो.”

वेंडेलनं डोळे बारीक केले. “त्या गार्डाच्या बदल्यात? दोन मोडके? सेड्रिक, ही दया आहे.”

“बरं, मग दोन मोडके आणि तुझा तो तीन पॉइंटवाला.”

“आता ही चोरी झाली.”

दोघं दुपारच्या फेरीची वेळ होईपर्यंत घासाघीस करत बसले. शेवटी व्यवहार ठरला, आणि दोघांनाही वाटलं की आपण नाडले गेलो. दोन पोरं आयलीनच्या संघातून गेली. नावं सांगताना वेंडेल क्षणभर थांबला, पण त्यानं दिली. मी म्हटलं, “आणि टाल्विक?”

“दुखणाईत पोराला घराबाहेर काढतात का?” तो म्हणाला. “पण बाकावर बसवतो. तेवढं तिलाही पटेल.”

हंगाम संपला तेव्हा वेंडेल काही लीग जिंकला नाही. टाल्विक मार्चमध्ये परत आला आणि मोजकंच खेळला. सेड्रिक गटात पहिला आला आणि एप्रिलच्या बाद फेरीत दरवर्षीसारखा हरला. वेंडेलनं मात्र शेवटच्या आठवड्यात मला हरवलं आणि तो तिसरा आला. त्या सोमवारी सकाळी माझ्या बसच्या काचेवर, आतल्या बाजूनं, त्यानं साबणानं मोठ्या अक्षरांत ‘गुडघे’ असं लिहून ठेवलं होतं. पहिल्या थांब्यावर चढलेल्या पोरांनी ते वाचलं आणि शाळेपर्यंत मला चिडवणं सोडलं नाही.

शाळेच्या फाटकात वेंडेलची बस माझ्या पुढं उभी होती. तिच्यातून नुसता कालवा ऐकू येत होता. कुणी तरी मागच्या सीटवर नाचत होतं, कुणाचं तरी दप्तर हवेत उडालं. वेंडेल आरशात बघून त्यांच्यावर ओरडत होता, लालबुंद होऊन, आणि पोरं त्याचं काडीचंही ऐकत नव्हती.