जाळी काढलेला रोलर

चर्चमागच्या खोलीतला मोफत दवाखाना उघडला, की सिस्टर आधी पाणी उकळत ठेवायच्या आणि मग बाकावरच्या बायकांकडे वळायच्या. निम्म्याहून अधिक जणी जवळच्या लाँड्रीत काम करणाऱ्या. कुणाचं मनगट वाफेने पोळलेलं, कुणाच्या बोटांची सालटं धुण्याच्या सोड्याने निघालेली. त्यांना लावायचं मलम आणि पट्ट्या लाँड्रीच्या मालकाकडूनच येत. रविवारी तो चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचा. फादर कष्टकऱ्यांच्या प्रतिष्ठेवर बोलू लागले, की मान डोलवायचा.

त्या दिवशी इस्त्रीच्या तापलेल्या रोलरवर चादरी घालणारी विधवा समोर येऊन बसली. तिचा हात पुन्हा भाजला होता.

"हात आत जाऊ नये म्हणून रोलरपुढं जाळी होती, ती काढून ठेवलीय," ती म्हणाली. "जाळीमुळे काम मागे पडतं म्हणतात."

सिस्टर तडक मालकाकडे गेल्या. त्याने अदबीने खुर्ची दिली.

"औषध कमी पडतंय का, सिस्टर? पाहिजे तेवढं पाठवतो."

"औषध नको. जाळी बसवा."

"दुखण्याचं तुम्ही बघा, मशीनचं मी बघतो," तो हसत म्हणाला.

सिस्टरनी फादरच्या कानावर घातलं, तेव्हा ते म्हणाले, "माणूस भला आहे. सवडीने बोलतो मी." ती सवड काही त्यांना मिळाली नाही.

आणि एका दुपारी विधवेचा उजवा हात चादरीबरोबर आत ओढला गेला. डॉक्टरांना तो मनगटापासून काढावा लागला. मालकाने उपचारांचा सगळा भार उचलला, वर फळांची टोपली धाडली. लोक म्हणाले, देवमाणूस.

सिस्टर खाटेशी बसल्या. "त्याची एक पट्टीसुद्धा यापुढे घेणार नाही मी. रविवारी सगळ्यांसमोर बोलणार आहे."

विधवेने घाबरून मान वळवली. "नका बोलू, सिस्टर. थोरलीला माझ्या जागी घेतो म्हणालेत. धाकटी दोघं काय खातील? आणि पट्ट्या बंद झाल्या तर बाकीच्या जणींनी कुठं जायचं?"

तो रविवार मुकाट गेला.

सोमवारी थोरली कामावर निघाली, तेव्हा सिस्टर तिच्याबरोबर थेट रोलरपर्यंत गेल्या. जाळी अजून भिंतीला टेकून उभी होती.

"ही बसवल्याशिवाय मशीन सुरू करू नका," त्या मुकादमाला म्हणाल्या.

मुकादम पोरीकडे बघत राहिला. ती कानकोंडी झाली.

"सिस्टर, तुम्ही जा ना," ती हळूच म्हणाली. "पहिलाच दिवस आहे. सगळा राग माझ्यावर निघेल."

सिस्टर फाटकाबाहेर आल्या. मागे रोलर सुरू झाला.

"कुणाची वाट बघताय?" पहारेकऱ्याने विचारलं.

"मालकांची."

"ते आज यायचे नाहीत."

"मग उद्या येते. परवाही येईन."

एवढं बोलूनही त्यांचा पाय निघेना. आतून कुणी ओरडतंय का, म्हणून त्या कान देऊन तिथेच उभ्या राहिल्या.